न कापलेली साक्ष

नांदेड,
१२ ऑगस्ट २००२

ती. मकबूलकाका यांस,
महामायाचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि उरलेलं निम्मं स्वतःच बोलता, म्हणून लिहिते आहे. माझ्याकडे एक दावा आलाय, आणि तो मी कुणाच्या हाताखाली नाही, स्वतःच्या नावावर चालवते आहे. बाबा असते तर उदगीरभर सांगत फिरले असते. ते नाहीत, म्हणून त्यांच्या शाळेपासूनच्या दोस्ताला सांगते.

पक्षकार एकोणीस वर्षांची मुलगी आहे, पार्वतम्मा. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचे आईवडील गेले आणि त्याच आठवड्यात मामाने तिला नायगावला आणलं. तिकडे गावात चुलता नागप्पा याने लिहून दिलं की भाऊ मडिवाळप्पा, भावजय आणि त्यांची मुलगी, तिघंही ढिगाऱ्यात गेले. नव्या गावात मडिवाळप्पाच्या वाट्याचं घर नागप्पाला मिळालं. आता ही घर मागायला गेली तर तो म्हणतो, ही कोण? माझी पुतणी त्र्याण्णवलाच गेली. शाळेचं दप्तर मातीत गेलं. मामा सांगतो, पण तो घरचाच, त्याचं कोण खरं धरणार. ही तीच आहे असं सांगणारं परकं माणूस एकच उरलंय, शेजारची सरजाबाई.

सरजाबाई आता लेकाकडे शिरूर अनंतपाळला असते, खाटेवर. उजवा हात लहानपणापासूनच अधू, त्यात दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि जीभ जड झाली. थोडं बोलते, बाकीचं डाव्या हाताने सांगते. कागदावर हात कसा उतरवणार? म्हणून लातूर कोर्टाची परवानगी काढली. कोर्टाने नेमलेले कमिशनर तिच्या घरी जाऊन साक्ष घेतील आणि तिचं व्हिडिओ शूटिंग होईल. तुमचं नाव मीच दिलं. कराल ना?

तुमची,
महामाया

*

लातूर,
१८ ऑगस्ट २००२

चि. महामाया हिस,
मकबूलकाकाचे अनेक आशीर्वाद.

कराल ना, असं मला विचारतेस? साडेचारशे लग्नं घेतली मी, त्यातली कित्येक तू जन्मायच्या आधीची असती, पण तेव्हा कॅमेराच नव्हता. तुझं पत्र वहिदाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, ज्ञानोबा गुरुजींची पोरगी कोर्टात उभी राहते आणि तुम्ही अजून नवरदेवाच्या चपलांवर कॅमेरा मारता. बायकोला कौतुक करायचं असलं की ती असं करते.

इकडे कामाला तोटा नाही. लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघालेत. एका सरांचं लेक्चर मी रोज सकाळी कॅमेऱ्यावर घेतो, कारण हॉलमध्ये न मावलेली पोरं शेजारच्या खोलीत टीव्हीवर बघतात. निकाल लागला की गुणवंतांचे सत्कार, मिरवणूक, आईबापांचे अश्रू. तरी पण तुझ्या कामाला पहिला नंबर. खांद्यावरचा मोठा कॅमेरा आणि हॅलोजन घेऊन येतो. कोर्टवाल्यांना एकदा कळू दे कॅसेट कशी असते ते.

तुझा,
मकबूलकाका

*

लातूर,
९ सप्टेंबर २००२

चि. महामाया हिस आशीर्वाद.

त्या दिवशी शिरूरला तू साक्षीत गुंतलेली होतीस, निघताना नीट बोलणं झालं नाही. कमिशनर साहेब म्हणाले, घरी जाऊन कॅसेट तयार करा आणि माझ्याकडे आणून द्या. काल दिली. तू बघशील तेव्हा बघशील, पण मला दम निघेना म्हणून सांगतो.

सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि त्यातून नाव येतं, ‘श्रीमती सरजाबाई यांची साक्ष’. म्हातारी थांबली की मी पॉज करत होतो. रडली की पॉज, पाणी पिली की पॉज. तीन तासांचा पसारा पंचेचाळीस मिनिटांत बसवला, कुठे कंटाळा म्हणून येणार नाही. ढिगाऱ्यातून पोरगी काढल्याचं ती सांगते तिथे मागे सनई टाकलीय, रडवी, अगदी बारीक आवाजात. न्यायाधीश झाला तरी माणूसच आहे, त्याच्या पोटात कालवलं पाहिजे.

गुरुजींच्या पोरीचं काम म्हणून हात राखला नाही.

तुझा,
मकबूलकाका

*

नांदेड,
१४ सप्टेंबर २००२

ती. मकबूलकाका यांस जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. आधी वाटलं, थट्टा करताय.

काका, साक्षीत पॉज करायचा नसतो. दोन वाक्यांच्या मध्ये कॅमेरा बंद होता तेव्हा कुणी तिच्या कानात काही सांगितलं का, हे समोरचे वकील विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही. व्यंकटराव तीस वर्षं वकिली करतात, त्यांना तर हे ताटात वाढून मिळालं. चूक माझीही आहे. तुम्हाला नुसतं शूटिंग म्हणाले आणि सगळं गृहीत धरलं. तुमचा कॅमेरा मध्येच थांबतोय हे तिथे बसून मला कळलं नाही.

एक करा. मूळ कॅसेट, जी कॅमेऱ्यात होती ती, जशी आहे तशी कागदात गुंडाळून ठेवा. तुटक असली तरी मूळ आहे. सनई नसलेली आहे. ती कुठे आहे ते लगेच कळवा.

महामाया

*

(पोस्टकार्ड)

लातूर, २० सप्टेंबर २००२

चि. महामायास आशीर्वाद. पत्र पोचलं. मूळ कॅसेट स्टुडिओतच कुठेतरी आहे, कपाट आवरतो आहे. क्लासच्या सत्कारांची गर्दी फार. वहिदाची तब्येत बरी. काळजी नसावी. मकबूलकाका

*

नांदेड,
१९ ऑक्टोबर २००२

ती. मकबूलकाका यांस जयभीम.

परवा लातूर कोर्टात तुमची कॅसेट लावली. गुलाब पडले तेव्हा मागच्या बाकावरचे ज्युनियर हसले. सनई लागली तेव्हा न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. व्यंकटराव फार काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “मूळ कॅसेट मागवावी, साहेब.” मी म्हटलं, आणते.

दुपारी तुमच्या स्टुडिओत आले तर तुम्ही लेक्चरला गेलेले. वहिदाकाकूंनी मला चहा दिला आणि खरं सांगितलं. कॅसेट दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरजाबाईच्या साक्षीवर एका क्लासच्या गुणवंतांचा सत्कार घेतला गेला. लग्नाच्या धंद्यात गिऱ्हाइकाची कॅसेट तयार झाली की मूळ परत वापरायची रीत आहे, हे मला काकूंकडून कळलं. तुमच्याकडून कळायला हवं होतं. तुम्ही मला ‘कपाट आवरतो’ असं लिहिलंत, त्याचा राग आला, कॅसेटचा नाही.

ती कॅसेट बाद झाली. साहेबांनी आणखी एक संधी दिली, शेवटची. सरजाबाई त्या दिवसानंतर आणखी खचली आहे, तिसरी वेळ येणार नाही. पार्वतम्मा कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसली होती. मला म्हणाली, “ताई, मला मेलेली लिवलंय त्या कागदात. मी हाय, हे कुटं लिवून देऊ?”

मी हैदराबादचा एखादा माणूस पाहते आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

महामाया

*

लातूर,
२ नोव्हेंबर २००२

चि. महामाया हिस,
आशीर्वाद लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

वाईट वाटून घेऊ नका म्हणालीस. मी घेतलं. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. खोटं मी तुला लिहिलं, कारण तुझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदाच नाव ठेवलं होतं आणि तेसुद्धा मी बरोबर होतो तेव्हा. त्यांच्या पोरीसमोर मान खाली घालायची सवय नव्हती. आता घातली. माफ कर.

पण हैदराबादचा माणूस आणू नकोस. आधी माझं ऐक.

मी विचार केला की रोज सकाळी सरांचं लेक्चर घेतो तेव्हा पॉज करतो का? नाही. सर खोकले तरी चालू, फळा पुसला तरी चालू. एकदा थांबवला होता तर शेजारच्या खोलीतली दोनशे पोरं बोंबलली की मधली पायरी गेली. म्हणजे हे काम मला येतं. म्हातारीच्या घरी मी मांडव समजून गेलो, ती चूक.

मग हैदराबादला मीच गेलो. तिथे एक माणूस कोर्टाची आणि विम्याची कामं करतो, त्याच्या दुकानात दोन दिवस बसून राहिलो. मोठा कॅमेरा विकला. कुठून काय जमवलं ते विचारू नकोस, वहिदाला माहीत आहे आणि तिची ना नाही. नवा कॅमेरा तळहाताएवढा आहे, डिजिटल. टेप काडेपेटीहून जरा मोठी, तिच्या कडेला खटका असतो, तो सरकवला की त्यावर पुन्हा काही घेता येत नाही. तारीख आणि सेकंदासकट वेळ चित्रातच उमटते. जड तिपाई घेतली. कॉलरला लावायचा माइक घेतला, म्हणजे जड जिभेचा शब्दसुद्धा यावा. कानाला हेडफोन. छोटी टेप तासाभराची, म्हणून कॅमेऱ्यातून वायर काढून घरचा व्हीसीआर जोडला, त्यावर तीन तासांची कॅसेट सलग चालते. टेप बदलताना एक मिनिट गेलं तर ते मिनिट तिकडे असतं, फक्त कॅमेऱ्याची वीज तोडायची नाही. हॅलोजन घेणार नाही. मागच्या वेळी म्हातारी डोळे मिटून बोलत होती ती दुःखाने नाही, माझ्या उजेडाने. खिडकीसमोर पांढरी चादर धरली की पुरतं.

सराव म्हणून वहिदा मेथी निवडत होती तिचं सलग दीड तास शूटिंग केलं. हलवला नाही, थांबवला नाही, जवळ घेतला नाही. तिने उठून विचारलं, “काय दिसून राहिलं यात तुमाला?” टेप सोबत पाठवतो. बघ. कंटाळा येईल. यावाच.

मला अजून एकदा उभं कर.

मकबूल

*

नांदेड,
११ नोव्हेंबर २००२

ती. मकबूलकाका यांस सप्रेम जयभीम.

मेथी पूर्ण पाहिली. साठाव्या मिनिटाला टेप बदललीत, पण व्हीसीआरच्या कॅसेटवर काकूंचा हात तसाच चालू आहे, एक पान सुटलेलं नाही. मी व्यंकटरावांनाही दाखवली. तुम्ही माझ्या वडिलांचे दोस्त आहात हेही सांगितलं, नंतर त्यांना कुठून कळण्यापेक्षा बरं. ते हसले आणि म्हणाले, “माणूस कुणाचाही असू दे, टेप तिथल्या तिथं सील झाली तर माझी हरकत न्हाई.”

तर अटी. खाटेच्या पायथ्याशी तिपाई लावा आणि चौकट रुंद ठेवा. खोलीतल्या प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत, म्हणजे कुणी खुणावलं असं कुणी म्हणू शकणार नाही. भिंतीवर घड्याळ लावा, तेही चित्रात यावं. चेहरा कितीही बघावासा वाटला तरी जवळ जायचं नाही. ती रडली, थांबली, झोपली तरी चालू. आणि संपल्यावर छोट्या टेप आणि व्हीसीआरची कॅसेट, सगळं कमिशनरसमोर पाकिटात, लाखेचं सील, सगळ्यांच्या सह्या. तुमच्याकडे काहीही राहणार नाही.

तारीख सहा डिसेंबरच्या आठवड्यातली नको म्हटलं, मला चैत्यभूमीला जायचं आहे. सतरा डिसेंबर मिळाली.

तुमची,
महामाया

*

नांदेड,
२० डिसेंबर २००२

ती. मकबूलकाका यांस जयभीम.

तुमचं काम मी पाहिलं. दोन तास दहा मिनिटं तुम्ही तिपाईमागे असे उभे होतात की कमिशनर साहेबांनी मला हळूच विचारलं, हे श्वास घेतात का. त्यासाठी मनापासून आभार.

पण काका, दावा हातचा गेला असं वाटतं. व्यंकटरावांनी शेवटचा प्रश्न टाकला, “ही समोर बसलेली मुलगी मडिवाळप्पाचीच कशावरून?” आणि सरजाबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी घड्याळ बघत होते, चार मिनिटं. एक शब्द नाही. कमिशनरांनी लिहिलं, ‘साक्षीदार निरुत्तर’. मी खाटेच्या उशाशी, मला फक्त तिचा गाल दिसत होता. व्यंकटरावसुद्धा माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनी फाईल मिटली. त्यांना म्हातारीचं वाईट वाटलं असेल.

पार्वतम्मा परतीच्या एसटीत खिडकीला डोकं लावून बसली.

महामाया

*

लातूर,
२४ डिसेंबर २००२

चि. महामाया हिस,
काकाचे आशीर्वाद, आणि हे पत्र बसून वाच.

तुम्ही दोघं वकील उशाशी होतात, कमिशनर साहेब कागदात डोकं घालून लिहीत होते. मी पायथ्याशी होतो. तुम्ही तिचा चेहरा बघत होतात, मला तूच सांगितलं होतंस की चेहरा बघायचा नाही.

पार्वतम्मा खाटेला पाठ लावून खाली बसली होती, बरोबर? प्रश्न झाला. म्हातारीने तोंड फिरवलं, मग तिचा डावा हात गोधडीखालून निघाला आणि पोरीच्या पाठीवर आला. तिने पोरीची वेणी सोडली. केसांचे तीन पेड केले आणि एका हाताने घालायला लागली. एका हाताने वेणी येत नाही, घरी वहिदाला करून बघायला लावली, येत नाही. तर पोरीने मागे न बघता हात मागे नेला आणि तिसरा पेड धरला. म्हातारीने दोन फिरवले की हिने आपला सोडायचा आणि पुढचा धरायचा. एकदासुद्धा चुकली नाही. चार मिनिटं तेच चाललं होतं. कुणी बोललं नाही, कुणी खुणावलं नाही, सगळ्यांचे हात चित्रात आहेत आणि वर घड्याळ आहे.

माझा अंगठा झूमच्या बटणावर होता. वीस वर्षांची सवय, तो आपोआप जातो. मी तो काढून मुठीत धरला. जवळ गेलो असतो तर वेणी सुंदर दिसली असती आणि तुमचे हात चौकटीबाहेर गेले असते.

हे तिथेच का सांगितलं नाही, असं विचारशील. टेप सील होत होती. साक्षीत काय आहे हे सांगायचं काम माझं नाही, असं मला वाटलं. आता मला राहवेना म्हणून सांगतो. तू पार्वतम्माला विचार आणि टेप कोर्टात पूर्ण लावायला सांग.

खरं सांगू, आयुष्यात एवढं चांगलं शूटिंग मी केलं नाही.

तुझा,
मकबूलकाका

*

नांदेड,
३० डिसेंबर २००२

ती. मकबूलकाका,

पत्र वाचून तशीच नायगावची एसटी धरली. पार्वतम्माला विचारलं. ती आधी गोंधळली, मग म्हणाली, “आई पहाटं रानात जायची. सरजामावशीचा एकच हात चालायचा, मग तिसरा पेड मीच धरायची. त्या दिशी धरला का मी? मला म्हाईत न्हाई, हात आपसूक गेला आसंल.”

काका, मी तिच्या अंगणात बसून रडले. वकिलाने रडू नये म्हणतात.

पूर्ण टेप लावण्याचा अर्ज तयार आहे.

महामाया

*

नांदेड,
२१ फेब्रुवारी २००४

ती. मकबूलकाका यांस,
तुमच्या महामायाचा अभिमानाने जयभीम.

निकाल लागला. पण मागच्या महिन्यातलं आधी सांगते. तुमची साक्ष झाल्यावर तुम्हाला बाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही, आणि निकालाआधी ते कागदावर लिहायला माझा हात धजत नव्हता.

पिंजऱ्यात व्यंकटरावांनी तुम्हाला विचारलं, “या टेपमध्ये तुमचं स्वतःचं काय आहे?” तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, “काहीच नाही, साहेब.” इतक्या रुबाबात ‘काहीच नाही’ म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग सील फोडून टेप लावली. शेवटच्या चार मिनिटांत कोर्टात पंख्याचा आवाज येत होता. व्यंकटराव उठले नाहीत. मी नागप्पाला फेरसाक्षीला उभं केलं आणि एकच विचारलं, “तुमच्या पुतणीची वेणी कोण घालायचं?” तो पडद्याकडेच बघत होता, तिथे अजून दोन हात थांबलेले होते. म्हणाला, “सरजाकाकूच घालायची.” मी विचारलं, “एका हाताने?” तो म्हणाला, “पोरगी पेड धरून बसायची.” एवढं बोलला आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने कठड्याला धरलं आणि खाली बघितलं. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही.

पार्वतम्मा ही मडिवाळप्पाची मुलगी आहे आणि जिवंत आहे, असं निकालात स्वच्छ लिहिलंय. घर तिचं. सरजाबाई हे ऐकायला राहिली नाही, गेल्या पावसाळ्यात गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिची साक्ष मात्र राहिली. निकालाच्या अकराव्या पानावर लिहिलंय की चित्रीकरण सलग, स्थिर आणि हस्तक्षेपाविना आहे, आणि खाली तुमचं पूर्ण नाव आहे. पानाची प्रत सोबत जोडते. काकूंना मोठ्याने वाचून दाखवा.

व्यंकटराव जाताना म्हणाले, “त्या लातूरवाल्याचा नंबर द्या, मला बी लागंल.” दिला. पण अभिमान वाटला तो त्याचा नाही. तुम्ही चुकलात, मान्य केलंत आणि पन्नाशीत नव्याने शिकलात, त्याचा वाटला. बाबांना मी हेच सांगितलं असतं.

तुमची,
महामाया

*

लातूर,
१४ मार्च २००४

चि. महामाया हिस अनेक अनेक आशीर्वाद.

अकरावं पान वहिदाने स्टुडिओच्या भिंतीवर लावलंय. येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी ते वाचावं लागतं, मग लग्नाचं बोलणं. मी नको म्हणतो, पण फार जोरात म्हणत नाही. तुझं पत्र मात्र भिंतीवर नाही, ते माझ्याकडे आहे.

परवा पार्वतम्मा आली. घराचा ताबा घ्यायला निघाली होती, म्हणाली, “काका, कॅमेरा घिऊन येता का?” मी विचारलं, कोर्टासाठी? “न्हाई, माज्यासाठी.” तू नांदेडला तारखेत अडकलेली, म्हणून तुझ्या वतीने मी गेलो.

नव्या गावात सगळी घरं सारखी, ओळखू येत नाहीत. नागप्पाने त्या घरात कडबा भरून ठेवला होता, तो त्याने आदल्या दिवशी काढला असावा, अंगणात काड्या पडल्या होत्या. तो स्वतःच किल्ली घेऊन उभा होता. मला वाटलं, आता भांडण होतंय, म्हणून घाईने कॅमेरा चालू केला, तिपाई लावायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पार्वतम्मा चार हात लांब थांबली. ती पुढे होईना, तो किल्ली टाकेना. मी कॅमेरा थांबवला नाही.

शेवटी नागप्पाने कुलूप स्वतः उघडलं, दार लोटलं आणि बाजूला झाला. म्हणाला, “ये, मडिवाळप्पाची पोर. आत ये.”

ती आत गेली. टेप सोबत पाठवतो, पण तिथून पुढे चित्र हललेलं आहे. कोर्टाचं काम असतं तर तू मला चांगलंच झापलं असतंस. हात माझाच हलला, आणि मी तो तसाच ठेवलाय.

तुझा,
मकबूलकाका